तांबीच्या तोंडातलं लोखंड

मेटकरीवस्तीच्या आसपासच्या माळावर त्या काळात जन्मलेल्या बहुतेक माणसांच्या अंगाला जगातला पहिला हात लागला तो केराबाईचा. सांगोल्याच्या दक्षिणेला धनगरांच्या वस्त्या अशा विखुरलेल्या, की एकीतून हाळी दिली तर दुसरीत ऐकू जायची नाही. कुणाची लेकसून अडली की घरातला माणूस पळत यायचा, आणि केराबाई पदर खोचून त्याच्याही पुढं चालायला लागायची. वाटेत ती फारसं बोलायची नाही. कळा कधी सुरू झाल्या, पाणी गेलं का, पहिलं बाळंतपण कसं झालं होतं, एवढंच विचारायची.

हा हातगुण तिला सासूनं दिला होता. स्वतःला मात्र मूल झालं नाही. लग्नानंतरची कितीतरी वर्षं नवरा सिद्धाप्पा पलटणीत होता. हिमालयात, जिथं गाडी चढत नाही तिथं खेचरांच्या पाठीवरून रसद न्यायची, हे त्याचं काम. तो कायमचा घरी आला तोवर केराबाईची कूस उजवायचं वय सरत आलं होतं. दोघांनी त्यावर कधी तोंड उघडलं नाही. तो मेंढरं बघायचा, ती दुसऱ्यांची पोरं जगात आणायची.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. मेंढरं मेली, विकली, उरली ती भाऊबंद घेऊन कोकणाच्या बाजूला गेले. वस्तीवरचे बैल चारा छावणीत गेले. माणसं खडी फोडायला आणि पाझर तलावाच्या कामावर जाऊ लागली. केराबाईही हातोडा घेऊन खडीवर बसायची. मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या तांबड्या ज्वारीची, भाकरी आणि सरकारी सुकडी, यावर दिवस निघायचे. एका दुपारी मागचा दगडांचा ढीग घसरला आणि तिचा डावा गुडघा त्याखाली सापडला. सोलापुरात पाय प्लॅस्टरमध्ये राहिला, हाड जुळलं, पण गुडघा पुरता वाकेना. घरापासून विहिरीपर्यंत जाऊन येईस्तोवर तिच्या कपाळावर घाम यायचा.

अशात ओढ्यापलीकडच्या मल्लप्पाच्या वस्तीवरून सांगावा आला. त्याची बायको चंद्रव्वा अडली होती. गाडी जुंपायला बैल नव्हते. चार माणसांनी केराबाईला बाजेवर घातलं आणि खांद्यावर घेऊन निघाले. उपाशी माणसं ती. शेता-दोन शेतांवर खांदा बदलायचे, बाज खाली ठेवायचे, धापा टाकायचे. केराबाई बाजेवर पडून ऊन चढताना बघत होती. "मला खाली ठिवा, मी चालती," असं ती दोनदा म्हणाली, पण कुणी ऐकलं नाही.

वस्ती जवळ आली तेव्हा आतून काहीच आवाज येत नव्हता. एवढ्यावरूनच तिला कळलं. मल्लप्पा उंबऱ्यावर बसला होता. तो रागावला नाही, ओरडला नाही. "उशीर झाला, मावशी," एवढंच म्हणाला. आत चंद्रव्वा होती आणि तिच्या पोटात तिचं मूल होतं, आणि दोघंही गेलेली होती. केराबाईनं तिचे केस सारखे केले, लुगडं नीट केलं आणि पुन्हा बाजेवर येऊन बसली.

त्यानंतर ती भाकरीला हात लावीना. सिद्धाप्पानं पुढ्यात ताटली सरकवली तर म्हणाली, "आता मला कुणी बोलवू नका म्हनावं. बोलवून येनार कशी मी? मढ्यासारकी खांद्यावरनं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सिद्धाप्पा तलावाच्या कामावर गेला तो थेट पाण्याच्या गाडीपाशी.

तलावावर पाणी पुरवायचं काम हिंदुरावाकडं होतं. त्याच्याकडं लोखंडी टाकीच्या गाड्या होत्या आणि त्या ओढायला खेचरं. त्यात एक तरुण मादी होती, तांब्याच्या घागरीसारख्या रंगाची. सगळे तिला तांबी म्हणायचे. ओढायला दणकट, पण मान सारखी वर झटकायची, तोंड उघडं ठेवायची आणि लगाम ओढला की उलटी अंगावर यायची. आदल्या आठवड्यात तिनं गाडी उधळून टाकी पालथी केली होती. दुष्काळात सांडलेलं पाणी बघून माणसं रडली होती. हिंदुराव तिला वीटभट्टीवर देऊन टाकायच्या बेतात होता.

सिद्धाप्पानं तिचा ओठ उचलून बघितला. लगामाचा जो लोखंडी भाग जनावराच्या तोंडात राहतो त्याला कडियाळं म्हणतात. तिच्या तोंडातलं कडियाळं काटेरी होतं. काट्यांनी ओठांचे कोपरे फाटले होते आणि लाळेत रक्त होतं.

"हिंदुरावदादा, ही मला द्या," तो म्हणाला. "तुमच्या बाकीच्या जनावरांचं नाल, खरारा, दुकनं-खुपनं, समदं मी बगतो."

"नेऊन करणार काय? तुला गाडी न्हाय, घोडी न्हाय."

"बायकूला बसवनार हाय तिच्यावर."

हिंदुराव हसला. मग सिद्धाप्पाच्या तोंडाकडं बघून थांबला आणि म्हणाला, "ने. पन मला सांगाया येऊ नगंस, लात मारली म्हणून."

तांबी घरी आली तेव्हा केराबाई दारात बसून होती. तिनं खेचराकडं बघितलं आणि मग नवऱ्याकडं. "ह्ये कशाला?"

"तुला न्याला."

ती उठून आत गेली.

पलटणीत सिद्धाप्पानं खेचरं पुष्कळ हाताळली होती, पण त्यांच्यावर कुणी बसत नसे. ओझं लादायचं आणि बाजूनं चालायचं. गाडीच्या खेचराला सवारीचं कसं करायचं, हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. त्यानं आधी काहीच केलं नाही. लगाम काढून टाकला, सुती दोरीची म्होरकी घातली आणि रोज मिठाच्या पाण्यानं तिचं तोंड धुतलं. जखमा भरेपर्यंत तिच्या तोंडात लोखंड जाऊ दिलं नाही.

मग काम सुरू झालं. गाडीच्या जनावराला माणूस मागून हाकतो याची सवय असते, म्हणून तो म्होरकीला दोन लांब दोऱ्या बांधून तिच्या मागंमागं चालायचा. गाडी नाही, टाकी नाही, नुसतं माळावरून वळायचं, थांबायचं, पुन्हा निघायचं. त्यानंतर पाठीवर घोंगडी टाकली, घोंगडीवर वाळूचं पोतं. पोतं पाठीवर आलं की तांबीला वाटायचं गाडी जुंपली. ती मान खाली घालून, खांदे पुढं रेटून ओढायला लागायची. मागं काही नाही हे तिला उमगायला बरेच दिवस गेले. आणखी एक अडचण होती. सगळ्या जनावरांवर माणूस डावीकडून चढतो. केराबाईचा डावा पाय अंग उचलून नेईल असा राहिला नव्हता. सिद्धाप्पानं तांबीला उजवीकडून चढू देणं शिकवलं. दारापुढं दगडांचा ओटा रचला, तिला त्याला खेटून उभं केलं, आणि स्वतः उजव्या बाजूनं चढला, उतरला, चढला, उतरला. जाणारे-येणारे बघून हसायचे.

केराबाई आतून बघत असायची. पण बाहेर आली नाही.

नुसत्या म्होरकीवर तांबी घराजवळ ऐकायची. मोकळ्या माळावर काही दिसलं, चिंध्या उडाल्या, की हातातून जायची. लोखंड घालावं लागणारच होतं. सिद्धाप्पा एस.टी.नं सोलापूरला गेला आणि स्टेशनजवळच्या टांग्यांच्या अड्ड्यावर दस्तगीरसाबना भेटला. म्हातारा माणूस, जन्मभर टांग्याच्या घोड्यांचं सामान केलेला. दुकानात खिळ्यांना कडियाळी टांगलेली होती.

"मूँ नापके लाए क्या?" म्हाताऱ्यानं विचारलं.

सिद्धाप्पानं तांबीच्या तोंडाच्या रुंदीएवढी तोडलेली काडी खिशातून काढली. म्हातारा खूश झाला. "हां. मूँ देखको लोहा लेना. लोहा देखको मूँ नै."

त्यानं समजावून सांगितलं. बारीक लोखंड सुरीसारखं कापतं, जाड असेल तर जनावर सोसतं. रुंद झालं तर तोंडात सरकतं, अरुंद झालं तर ओठ चिमटतं. काटेरी तर त्यानं दाखवलंच नाही. एक होतं मधे सांधा असलेलं, दोन तुकड्यांचं. दुसरं सरळ दांडीचं, एकसंध. कुठलं घ्यावं, हे मात्र त्यानं सांगितलं नाही. "वो खेचर बोलेगी," म्हणाला. सिद्धाप्पा दोन्ही घेऊन आला.

सांध्याचं घालून तो वर बसला तेव्हा तांबी चार पावलं नीट चालली. सिद्धाप्पानं वळवायला लगाम ओढला मात्र, तिनं तोंड फाकवलं, मान वर फेकली आणि मागच्या पायांवर उभी राहिली. तो ओट्यावर आपटला. दोन्ही तुकडे ओढल्यावर मधला सांधा वर उभा राहून टाळूत टोचत होता. त्यानं ते काढलं, सरळ दांडीचं घातलं. त्यावर ती उभी राहिली नाही, पण जीभ बाहेर काढून, मान वाकडी करून, डोळे पांढरे करत मागं मागं सरकू लागली. सरकत कुंपणात गेली तरी थांबेना.

त्या दिवशी सिद्धाप्पा लगाम हातात घेऊन जमिनीवर बसला. पलटणीतून आल्यापासून त्याला असं बसलेलं केराबाईनं बघितलं नव्हतं. ती काठी टेकत बाहेर आली.

"धरा तिला," म्हणाली.

"चावंल."

"धरा तुमी."

तिनं हात धुतला, तांबीच्या मानेवरून फिरवत तोंडापर्यंत नेला आणि ओठांच्या कोपऱ्यातून बोट आत सारलं. पुढचे दात आणि दाढा यांच्यामधे जनावराला मोकळी हिरडी असते, तिथून. तांबीनं कान मागं पाडले. केराबाई थांबली, बोट काढलं नाही, पुढंही नेलं नाही. जनावरानं श्वास सोडला तशी ती पुन्हा चाचपू लागली. डोळे मिटून, जसं ती पोटावर हात ठेवून आतलं मूल कुठं आहे ते बघायची, तसं.

"आवं, हिच्या जिबंला आडवी गाट हाय," ती म्हणाली. "कापून भरलेली. वरनं दिसत न्हाय. ही सरळ दांडी बरुबर तिच्यावरच बसतीया. हिरड्या चांगल्या हायत. जिबंवर भार नगं, हिरडीवर चालंल."

सिद्धाप्पा तसाच उठला. लोहार जोतीरामाकडं बसून त्यानं सरळ दांडी तापवून घेतली आणि मधोमध हलकी कमान करवली, जिभेला खाली जागा राहील अशी. कानशीनं घासून कडा मोडल्या. ते तोंडात गेल्यावर तांबीनं ते थोडा वेळ चघळलं, मग ओठ मिटले. लोखंड घालूनही तोंड मिटून उभी राहिलेली तांबी त्या दोघांनी पहिल्यांदाच बघितली.

"आता बस तू," सिद्धाप्पा म्हणाला.

केराबाई ओट्यावर चढली. नऊवारीचा काष्टा घट्ट केला आणि उजवीकडून घोंगडीवर बसली. उंचावरून तिला माळ वेगळा दिसला. सिद्धाप्पा बाजूनं चालत सांगत होता, "लगाम धरायचा, वढायचा न्हाय. बोटं मिटायची. तिनं ऐकलं की सोडायची."

"ह्ये मला नगा शिकवू," ती म्हणाली. "डोकं दिसाया लागलं की समद्या बाया म्हनत्यात वढा, वढा. वढून कुनी येतंय व्हय?"

वस्तीत बोलणी सुरू झाली होतीच. ती तोंडावर आणली गोजरबाईनं, केराबाईच्या थोरल्या जावेनं. ती मनानं वाईट बाई नव्हती. "केराबाई, राग मानू नगंस," ती म्हणाली. "पन खेचर ह्ये वांज जनावर. त्येला कदी पिल्लू हुत न्हाय. असलं जनावर बाळंतनीच्या दारात न्यायाचं? लोक काय म्हनतील?"

संध्याकाळी चुलीपुढं बसून केराबाई नवऱ्याला म्हणाली, "आक्का खोटं न्हाय बोलली. दोगीबी वांजच की आमी."

सिद्धाप्पा लगामाच्या चामडी वादीला भोक पाडत होता. त्याचा हात थांबला. काय बोलावं हे त्याला सुचलं नाही, आणि सुचलं नाही म्हणून तो रात्रभर कुशीवर वळत राहिला, हे तिला माहीत होतं. नंतर कधीतरी तिनं शेजारणीला सांगितलं, "आमचं मालक काय तरी बोललं असतं, तर मी पुन्यांदा तांबीवर बसलीच नसती. गप ऱ्हायलं, ते बरं झालं."

पहिली हाक आली ती कर्नाटकाच्या बाजूच्या एका वस्तीवरून, चनमल्लप्पा नावाच्या माणसाच्या घरातून. त्याची बायको गुरम्मा पहाटेपासून अडलेली. केराबाई तांबीवर बसली, सिद्धाप्पा बाजूनं निघाला. वाटेत वावटळ उठली, बाभळीचं झुडूप गडगडत आडवं आलं. तांबी थबकली, तिचं सगळं अंग थरथरलं. केराबाईनं बोटं मिटली, आणि उघडली. "चल, बाय," म्हणाली. तांबी निघाली.

वस्तीच्या कुंपणाशी चनमल्लप्पाची म्हातारी आई आडवी उभी होती. ती घरात कानडी बोलायची, पण मराठी चांगलं यायचं. "ते जनावर आत न्हाय आनायचं," ती म्हणाली. "वांज हाय ते."

"आजी, हिचा पाय—" सिद्धाप्पा सुरू झाला.

केराबाईनं त्याला हातानं थांबवलं. तिथं ओटा नव्हता. ती सिद्धाप्पाच्या खांद्यावर भार देऊन उतरली, आणि मोडका पाय जमिनीला लागला तेव्हा तिच्या तोंडून आवाज निघाला. मग ती सरळ उभी राहिली.

"आजी, मीबी वांजच हाय," ती म्हणाली. "मला पोर न्हाय, सोर न्हाय. सांगा, मी आत येऊ का न्हाय?"

आतून गुरम्माचं ओरडणं आलं. म्हातारी बाजूला झाली.

कुंपणापासून दारापर्यंतचं अंगण केराबाई काठीवर रेटत चालली. मूल पायाळू होतं. एक पाय आधी आला होता, आणि घरातल्या बायकांनी तो धरून ओढायला सुरुवात केलेली होती. केराबाईनं सगळ्यांचे हात बाजूला केले. पुढं काय झालं ते सिद्धाप्पाला बाहेरून फक्त ऐकू येत होतं: बायकोचा आवाज, हळू, एकाच सुरात, "थांब, माय. आता न्हाय. आता थांब." तो उन्हात तांबीची म्होरकी धरून उभा होता. त्याला पाणी कुणी विचारलं नाही, जनावरालाही नाही. ऊन कलायला लागलं तेव्हा आतून एक बारीक, चिरका, रागावलेला आवाज आला. सिद्धाप्पानं तांबीच्या मानेत तोंड खुपसलं.

केराबाई काठी टेकत बाहेर आली. मुलगा होता, निळा पडला होता, पण जगला. आईही जगली. म्हातारीनं तिच्या ओटीत खोबऱ्याची वाटी घातली, पाया पडली, आणि पाया पडून उठता उठता म्हणाली, "पुन्यांदा येशीला तवा जनावर लांबच बांदा."

"बांदीन," केराबाई म्हणाली.

आणि ती बांधत राहिली. काही घरांनी पुढं तांबीला अंगणात येऊ दिलं, काहींनी शेवटपर्यंत येऊ दिलं नाही. केराबाईनं त्यावर वाद घातला नाही. जिथं अडवलं तिथं उतरायची आणि चालायची. पुढल्या पावसाळ्यात माळ हिरवा झाला, छावणीतले बैल घरी आले, गाड्या पुन्हा जुंपल्या जाऊ लागल्या. तरी सांगावा घेऊन येणारा माणूस म्हणायचा, "मावशी, गाडी नगं, तांबीवरच या. लवकर याल."

मल्लप्पानं दुसरं लग्न केलं. त्या बायकोच्या वेळी त्यानं पहिल्या कळेलाच माणूस धाडला. केराबाई पोचली तेव्हा तो उंबऱ्यावरच बसला होता, त्याच जागी. मुलगी झाली. त्यानं तिचं नाव चंद्रव्वा ठेवलं. नव्या बायकोनंच तसं ठेवा म्हणून सांगितलं होतं म्हणे.

सत्त्याहत्तरच्या हिवाळ्यात सिद्धाप्पाला ताप भरला आणि उतरलाच नाही. तो गेला तेव्हा घरात केराबाई आणि गोजरबाई होत्या. शेवटी त्याची शुद्ध हरपली होती आणि तो पलटणीतल्या खेचरांना हाका मारत होता. ज्या जनावरांची नावं केराबाईनं कधी ऐकली नव्हती, अशांना.

सुतक होतं. केराबाई कोपऱ्यात बसलेली असायची. एका सकाळी एक तरुण माणूस पळत दारापर्यंत आला, बसलेल्या बायका बघितल्या, काय झालंय ते ओळखलं, आणि काही न बोलता मागं वळला.

"कुटं निगालास?" केराबाईनं आतून विचारलं.

"चुकलं, मावशी. ठाऊक नव्हतं. सुतक हाय तुमाला."

"कोन अडलंय?"

"बायकू. पन ऱ्हाऊ द्या."

"सुतक हाय म्हनून पोर थांबतंय व्हय?" ती उठली. बायकांत कुजबूज झाली. मग गोजरबाईच उठली आणि खुंटीवरची घोंगडी काढून दिली.

लगाम आजवर सिद्धाप्पाच घालायचा. केराबाईनं तो घालायला पहिल्यांदाच हातात घेतला. पहाटेच्या गारठ्यानं लोखंड थंड पडलं होतं. तिनं कडियाळं दोन्ही तळव्यांत धरलं आणि ऊब येईपर्यंत उभी राहिली. तो माणूस घाईनं तिच्याकडं बघत होता. तिनं घाई केली नाही. मग तांबीच्या ओठाच्या कोपऱ्यात बोट घातलं, तोंड उघडलं तसं लोखंड अलगद आत सरकवलं, कानामागची वादी लावली. ओट्यावर चढली, उजवीकडून बसली.

बाळंतपण सोपं होतं. मुलगी झाली. दुपारी केराबाई परतली तेव्हा सांत्वनाला आलेल्या बायका निघून गेल्या होत्या. तिनं तांबीला सावलीत बांधलं, पाणी दाखवलं. कडियाळं धुतलं, पदरानं कोरडं केलं आणि लगाम खुंटीला अडकवला. मग चुलीपाशी बसून सिद्धाप्पा गेल्यापासून पहिल्यांदाच मोठ्यानं रडली. रडून झाल्यावर तिनं पीठ मळायला घेतलं.